सड्यावरचा तिसरा धोंडा

नारायण गावसाच्या घराचा पाया ज्या दुपारी मोडला, त्या वेळी नारायण पृथ्वीच्या तळाशी, अंटार्क्टिकावर, बर्फ ढकलायच्या यंत्रात चढत होता. इकडे गोव्यात पेडण्याच्या सड्यावर जेसीबी त्याचे चिरे उखडत होता आणि तिकडे तो भारताच्या मैत्री केंद्राच्या दारातला बर्फ काढायला निघाला होता. ज्याचा उभा जन्म दुसऱ्यांच्या सांगण्यावरून डोंगर सपाट करण्यात गेला, त्याचाच पाया कुणी सपाट करावा, यात देवाला गंमत वाटली असेल तर वाटो. नारायणला वाटली नाही.

त्याला हे कळलं बायकोच्या फोनवरून. गौरवी सड्यावर उभी राहून काहीतरी सांगत होती आणि तिच्या बोलण्यावर यंत्राचा आवाज चढत होता. नारायणला शब्दांची गरजच नव्हती. बकेट खाली आलं, दात चिऱ्याखाली शिरले, चालवणाऱ्याने थोडं मागे घेऊन पुन्हा रेटा दिला, हे सगळं त्याला दांडा स्वतःच्या हातात असल्यासारखं कळत होतं.

“कोण मोडता गो?”

“विजूदादा. सोता उबो रवान मोडूक लायता.”

“तेका फोन दी.”

पलीकडून चुलतभाऊ विजयचा मायाळू आवाज आला. “नारान, थंडी कशी आसा रे थय?”

त्यावर नारायणने ज्या शिव्या दिल्या, त्या आकाशातल्या उपग्रहाला आदळून पेडण्यात उतरल्या खऱ्या, पण तोवर विजयने फोन गौरवीच्या हातात परत दिला होता. सगळ्या तिनेच ऐकल्या. ऐकत राहिली, कारण तिलाही त्याच माणसाला शिव्या द्यायच्या होत्या आणि तिला तेवढ्या येत नव्हत्या.

पाया मोडल्याचं दुःख होतंच, पण नारायण पेटला तो दुसऱ्याच गोष्टीने. त्याआधी काही दिवस विजय तुयेला गौरवीकडे येऊन गेला होता. येताना पदेराच्या भट्टीतले गरम उंडे, म्हणजे पाव, घेऊन आला, तिच्या लहानग्या लेकीच्या, तनयाच्या, डोक्यावरून हात फिरवला, चहात उंडा बुडवून खाल्ला आणि सहज विचारावं तसं म्हणाला, “थयसून शेवटचा इमान कधी सुटता गो?” गौरवीला नवऱ्याचा कोण अभिमान. तिने भरभरून सांगितलं, की उन्हाळा सरता सरता शेवटचं विमान जातं, मग काळोख येतो, आणि पुढचा उन्हाळा उजाडेतोवर घरात कुणी मेलं तरी तिथून माणूस हलू शकत नाही. “देवा रे,” असं म्हणून विजयने दुसरा उंडा उचलला. विमान सुटलं आणि त्याच आठवड्यात सड्यावर जेसीबी चढला.

भावकीत भांडणं कोणाची होत नाहीत? कोयते निघतात, डोकी फुटतात, आणि लग्नकार्यात तेच लोक पुन्हा एका पंगतीला बसून वाढप्याच्या नावाने ओरडतात. पण बाईच्या हातचा चहा पिऊन तिच्याच तोंडून तिचं घर मोडायचा मुहूर्त काढून घेणारा माणूस नारायणने पाहिला नव्हता. याची परतफेड केल्याशिवाय मरायचं नाही, एवढं त्याने फोन खाली ठेवायच्या आत ठरवलं.

नारायण मूळचा पेडण्याचा, पण कमावता झाला डिचोलीत. सुर्ल्याच्या खाणीवर तो डोझर चालवायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत फोर्कलिफ्टवर बसून खोकी इकडची तिकडे करू लागला. डोंगर हलवलेल्या माणसाला खोकी हलवताना जशी लाज वाटावी तशी त्याला वाटायची. अंटार्क्टिकाच्या मोहिमेला यंत्रचालक हवेत असं कळल्यावर त्याने मागचापुढचा विचार केला नाही. गौरवी मात्र तुयेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांतच राहिली, जिथे खिडकी उघडली की शेजाऱ्याच्या मोरीचा वास आत यायचा. म्हणून निघण्यापूर्वी तो तिला सड्यावर घेऊन गेला, चिऱ्यांचा पाया घातला, नारळ फोडला आणि उगवतीकडे हात करून म्हणाला, “हय तुजा जनेल.” पुढचं सगळं त्या जनेलासाठी, त्या एका खिडकीसाठी होतं. निदान सुरुवातीला तरी.

सडा म्हणजे काळपट जांभ्याचं उघडं पठार. पावसात गवत, एरवी काजूची चार झाडं आणि वारा. आजोबांच्या काळात तो कुणी फुकट घेतला नसता. मोपाला विमानतळ झाला आणि त्याच दगडाकडे परगावच्या गाड्या येऊ लागल्या. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव होतं. त्यांच्या दोन मुलग्यांपैकी उगवतीचं टोक नारायणच्या बापाचं आणि तळीकडचं टोक विजयच्या बापाचं, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण गुरांनासुद्धा ठाऊक होतं.

दोहोंच्या मध्ये राखणदाराचा धोंडा. फाल्गुनातला शिगमो झाला की त्याला राखण द्यायची, म्हणजे तांदळाचा जाड रोट, नारळ, विडी आणि पानाच्या द्रोणात काजूची दारू. एक वर्ष एका घराची बारी, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याची. ज्याची बारी त्याने गाऱ्हाणं घालायचं. दोन्ही घरांतल्या एकेका माणसाचं नाव घेऊन राखणदाराला सांगायचं, बाबा, ह्यांचा सांभाळ कर, आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ज्याचं नाव गाऱ्हाण्यात, तो घरातला. सरकारी शिक्क्यापेक्षा गावात याला जास्त मान.

त्या वर्षी बारी नारायणची होती. विजयने परस्पर राखण दिली, नारायणच्या घरातलं एकही नाव घेतलं नाही, उगवतीच्या टोकाला स्वतःच्या हद्दीचा धोंडा रोवला आणि लोकांना ऐकवलं, “मालक बर्फार जावन बसलो. बारी चुकली, हक्क गेलो.” जमलेले म्हणाले, व्हय म्हाराजा. लोकांना म्हणायची सवयच असते.

मैत्रीवर हिवाळ्यात मोजकी माणसं उरतात आणि स्वयंपाकघरातलं काम सगळे आळीपाळीने करतात. नारायणची जोडी विनायकशी लागायची. हा विनायक खानापूरचा, हवामानाची निरीक्षणं घेणारा आणि तोंडाला विश्रांती न देणारा. कांदे चिरताना नारायणने त्याला विजयची कथा सांगितली आणि डोळ्यांत आलेलं पाणी कांद्याच्या नावावर खपवलं. विनायकला मात्र हसू फुटलं.

“अरे, तू आत्ता जिथं उभा राहून कांदा चिरतोयस ना, ती जमीन नॉर्वेवाले म्हणतात आमची.”

“ही? कोणी दिली तेंका?”

“कोण देणार? जर्मन जहाज इकडं निघालंय असं कळल्यावर नॉर्वेनं घाईघाईनं जाहीर करून टाकलं, एवढा तुकडा आमचा. तरी जर्मन आलेच. विमानातून निशाणी मारलेल्या लोखंडी सळ्या खाली फेकत गेले. जिथवर सळी पडेल तिथवर आमचं. आता बघ, या टेकड्यांना नाव जर्मन विमानवाल्याचं, हक्क सांगतं नॉर्वे, शेजारी राहतात रशियन आणि दारातला बर्फ काढतोस तू, पेडण्याचा.”

नारायणची सुरी थांबली. विजयने निदान जमिनीवर उभं राहून धोंडा रोवला होता. या साहेबलोकांनी आकाशातून फेकले.

विनायकला श्रोता सापडला होता. त्याने पुढचं सांगितलं. सात देशांनी या बर्फावर हक्क सांगितला आहे. एका बाजूला जमिनीचं लांब शेपूट आहे, तिथे तर ब्रिटन, अर्जेंटिना आणि चिली या तिघांचे हक्क एकमेकांवर चढलेले. एकाने पाटी लावावी, दुसऱ्याने येऊन काढावी. कुणी पोस्ट उघडलं, कुणी शाळा घातली, कुणी लग्नं लावली. अर्जेंटिनाने तर दिवस भरत आलेली बाई विमानाने तिकडे नेली, पोर त्या जमिनीवर जन्माला यावं म्हणून.

“बाळंत जाली?”

“झाली की. मुलगा झाला.”

“मगे जमीन तेंची जाली?”

“कुणाचीच नाही झाली. त्याच्या कितीतरी आधी, एकोणीसशे एकोणसाठ साली, सगळे बसले होते आणि करार केला होता. जुना हक्क कुणी सोडायचा नाही, नवा कुणी सांगायचा नाही. कुणाचाही हक्क मान्य नाही आणि कुणाचाही हक्क अमान्य नाही. यावं, राहावं, काम करावं, जावं. बस.”

“आणि त्या शेपटीचो झगडो?”

“तसाच आहे. तिघं आहेत ना. दोघंच असते तर एव्हाना कुणीतरी जिंकला असता.”

विनायकच्या लेखी ही माणुसकीची गोष्ट होती. भांडणारे देश शेवटी शहाण्यासारखे वागले, असं त्याला सुचवायचं होतं. नारायणने तिच्यातून भलतंच उचललं. बाहेर सूर्य उगवायचा थांबला, वारा भिंतींवर डोकं आपटू लागला, आणि तो आपल्या बिछान्यावर पडून एकच हिशेब घोळवत राहिला. जिंकायचं म्हटलं तर वकील हवा, साक्षी हवेत, आयुष्य हवं. पण विजयला हरवायचं असेल तर फक्त तिसरा माणूस हवा. आणि तिसरा माणूस होता. नारायणला अंधारात हसू आलं, आणि असं हसू त्याला पाया मोडल्यापासून पहिल्यांदाच येत होतं.

तो परत आला तेव्हा गावाने कान टवकारले होते. आज कोयता निघणार, उद्या निघणार. नारायणने विजयच्या दारावरून जाताना “दादा, बरा मां?” म्हणून विचारलं आणि गाडी सरळ सुर्ल्याच्या रस्त्याला लावली.

सुर्ल्याला सुमंगला आते होती, नारायणच्या आणि विजयच्या बापांची एकुलती बहीण. खाणीच्या दिवसांत नारायण दुपारचा तिच्याकडेच जेवायचा. कमरेत वाकलेली, पण जिभेने सरळ. गोव्याच्या कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, पण भावांनी तिला कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. बोलली नव्हती, विसरली नव्हती.

“आते, सड्यार तुजोय वाटो आसा,” नारायण म्हणाला.

“माका म्हायत आसा. तुजो बापूस जित्तो असताना तुका कित्याक आठवला नाय?”

नारायणने मान खाली घातली.

“तेंव्हा तुमचा दोगांचा बरा चल्ला हुता,” आते म्हणाली. “आता दोगांचा बिगाडला, तर आते आठवली.” मग तिने पदर खोचला. “विजयाचा तोंड बगूक गावतला मां माका?”

“गावतला.”

“मगे चल.”

शिगमो झाल्यावर विजय राखण द्यायला सड्यावर आला तो एकटा नव्हता. बरोबर सडा विकत घ्यायला निघालेल्या हॉटेलवाल्या पार्टीचा माणूस होता, जागा दाखवायला आणलेला. आणि राखणदारापाशी आधीच आते बसलेली. समोर तिने थापलेला रोट, नारळ, विडी, द्रोण. शेजारी नारायणच्या घराच्या मोडक्या पायातला एक चिरा ताजा रोवलेला. सड्यावर एक धोंडा राखणदाराचा होता, दुसरा विजयच्या हद्दीचा, आणि आता हा तिसरा.

“आते, ह्या काय?” विजयचा आवाज फाटला. “बायलांनी गाराणा घालूची पद्धत नाय.”

“पद्धतीन वागलंय म्हणानच तुज्या बापाशीन माका ह्या सड्यावयलो एक काजू कधी दिल्यान नाय,” आते म्हणाली आणि हात जोडून सुरू झाली. तिने स्वतःचं नाव घेतलं, तिच्या मुलग्यांची, मुलींची, सुनांची, जावयांची घेतली, नारायणच्या घरातली घेतली, आणि शेवटी विजयचंही घेतलं, कारण वगळलं असतं तर ती विजयसारखी झाली असती. नारायण एकेका नावागणिक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून टाळ्या वाजवत होता. एवढ्या भक्तीने तो देवळातही कधी वाजवत नसे.

हॉटेलवाल्या माणसाने विचारलं, या बाई कोण?

“मालकीण,” नारायण अदबीने म्हणाला. “एक मालकीण. बाकीच्यांची नावं तुम्ही आत्ता ऐकलीत.”

तेवढ्या सगळ्यांच्या, त्यांच्या नवराबायकांसकट, सह्या लागणार हे ध्यानात येताच तो माणूस गाडीत जाऊन बसला. काच वर गेली. गाडी उतारावरून दिसेनाशी होईतो विजय तिच्याकडे बघत होता आणि नारायण विजयकडे. खरं सांगायचं तर नारायणने आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. अंटार्क्टिकाच्या आकाशातले हिरवे पडदे त्याने पाहिले होते, पण त्यांना विजयचं तोंड नव्हतं.

पुढचे महिने नारायणने सणासारखे काढले. विजयने हॉटेलच्या समारंभासाठी म्हणून कोट शिवून घेतला होता आणि गावभर दाखवला होता. आता तिठ्यावरचा चहावालाही त्याला विचारायचा, “विजू, कोट कधी घालतलंस?” हा प्रश्न चहावाल्याच्या तोंडात कुणी घातला हे सांगायला नको. दर रविवारी नारायण सड्यावर जाऊन आपल्या घराच्या मोडक्या पायावर बसायचा, अशा बेताने की तळीकडून येणाऱ्याला तो दिसलाच पाहिजे. काही करायचा नाही. नुसता बसायचा.

गणपतीच्या चवथीच्या आधी विजय तुयेला आला. हातात पुन्हा उंड्यांची पिशवी, पण माणूस उतरलेला होता. दाढी वाढली होती आणि डोळा वर उचलत नव्हता.

“नारान, चुकलंय मी,” तो म्हणाला. “उगवतीचा टोक तुजा. पाया मी परत घालून दितंय. तू, मी, आते, तिगांनी बसान वाटून घेवया.”

गौरवी आतल्या दारात उभी होती. ती लगेच एक पाऊल बाहेर आली. नारायणने मात्र हा क्षण लोणच्यासारखा मुरवून ठेवला होता आणि आता तो चाखत चाखत बोलला.

“दादा, तुजो हक्क मान्य नाय.” तो थांबला. “आणि अमान्यय नाय. माजोय तसोच. आतेचोय तसोच.”

“म्हणजे काय रे?”

“म्हणजे काय ता तुका कळूक नाय, हीच गंमत.”

विजय उंड्यांची पिशवी तिथेच ठेवून निघून गेला. नारायणने उंडे काढले आणि एकट्याने खायला सुरुवात केली.

“घर गावता हुता,” गौरवी म्हणाली.

“तेका जिरवूक होया.”

“जिरली तेची. तोंडार दिसता. आता आमचा घर?”

“रव जरा.”

“किती वर्सां?”

“थय साठाच्या वयर वर्सां जाली,” नारायण म्हणाला, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. “अजून कोणाक नाय गावली.”

गौरवीने त्याच्याकडे नीट बघितलं. मोरीचा वास येत होता म्हणून खिडकी लावून घेतली आणि ती पीठ मळायला बसली. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून त्याचं काय बिनसलंय ते ओळखणाऱ्या नारायणला, घरातला आवाज बंद पडला आहे हे काही ऐकू आलं नाही. त्याचा सूड पुरा झाला होता आणि तो सोडून त्याला काही दिसत नव्हतं. विजयला मिळू नये म्हणून त्याने जी जमीन गोठवली, त्याच जमिनीत बायकोचं जनेलही गोठलं आहे, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

त्या वर्षी मोहिमेचं बोलावणं पुन्हा आलं आणि नारायण खुशीने तयार झाला. पहिल्या खेपेसारखंच त्याने गौरवीच्या नावे मुखत्यारपत्र केलं, तनयाच्या शाळेसाठी, बँकेसाठी, कुठे काही अडलं तर तिला सही करता यावी म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी गौरवी त्याचे लोकरी मोजे बॅगेत भरत होती.

“ह्या खेपेक शेवटचा इमान कधी सुटता थयसून?” तिने विचारलं.

नारायणला बरं वाटलं. बायको काळजी करते आहे असं वाटून त्याने तिला सगळं समजावून सांगितलं.

शिगमो होऊन गेला तेव्हा मैत्रीवर दिवस आखडायला लागले होते. शेवटचं विमान गेलं होतं. या खेपेला केंद्रावर चित्रासकट बोलता येत होतं. नारायण यंत्र तापायला लावून आत आला आणि फोन उचलला. पडद्यावर आधी नुसतं ऊन दिसलं. मग चिरे, एकावर एक चढलेले. मग भिंतीत सोडलेली चौकोनी मोकळी जागा आणि तिच्या मधोमध गौरवी, कोपर टेकून उभी.

“ह्या माजा जनेल,” ती म्हणाली.

नारायणला आधी कळेचना. मग तिच्या मागे त्याला सुमंगला आते दिसली, प्लास्टिकच्या खुर्चीवर, छत्री धरून बसलेली. आणि उन्हातून डोक्यावर टॉवेल टाकून, छातीशी चिरा धरून, धापा टाकत येणारा विजय.

“कोणाक इचारून?” नारायण ओरडला. “माजी सय?”

“मी केलंय. तुमीच दिल्यात मां मुखत्यारपत्र? तिगांनी बसान वाटून घेतला.”

“त्या चोराक माफ केलंस?”

“माफ?” गौरवी हसली, आणि ते हसू नारायणने तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. “जेसीबी लावूक दिलंय नाय. गाडी वयर हाडूक दिलंय नाय. खालसून एकेक चिरो तेच्याच हातान उचलून घेतलंय, सगळो गाव बगता आसा. रस्त्याकडली पट्टी आतेन घेतल्यान. आता हॉटेलवाल्याची गाडी तळीकडे खयसून जाता ती बगूया.”

 नारायणच्या सगळ्या सुडाचं फळ म्हणजे रविवारचं एका दगडावर बसणं. हिने त्याच दगडांची भिंत उभी केली होती, आणि ज्याने मोडली त्याच्याकडूनच. त्याला राग आला, लाज वाटली आणि सगळ्यांत जास्त हेवा वाटला.

“मी येय सर थांबूक होया हुता,” तो म्हणाला.

“थांबलंय. तुमी बर्फार हुत्यात तेंव्हा थांबलंय, आणि तुमी हय येवन त्या फातरार बसल्यात तेंव्हाय थांबलंय.”

 पडद्यावर वाऱ्याने तिचा पदर उडत होता. नारायणने विषय बदलावा तसं विचारलं, “राखण दिली?”

“दिली. औंदा आमचीच बारी. गाराणा मीच घातलंय.”

“तू?”

“आतेन घातल्यान तेंव्हा तुमीच टाळये वाजयल्यात.”

 “नावां घेतलंस मां सगळ्यांची?”

“घेतलंय. आतेचा, तिच्या चेडवाझिलांचा, सुनांचा, जावयांचा, विजूदादाचा, तनयाचा, माजा.”

नारायण वाट बघत राहिला. बाहेर त्याचं यंत्र तापून एका सुरात घरघरत होतं आणि त्याच्या पलीकडे नॉर्वे जी आपली म्हणतं ती जमीन पांढरीशुभ्र पसरली होती.

“आणि माजा?” त्याने विचारलं.

गौरवी जनेलातून थोडी पुढे वाकली.

“तुमी येवा. रवा, जेवा, काम करा,” ती शांतपणे म्हणाली. “तुमचा नाव मी मान्य केलंय नाय. आणि अमान्यय केलंय नाय.”

तिच्या मागे विजयने छातीवरचा चिरा खाली ठेवला, घाम पुसला आणि मान डोलावून म्हणाला, “व्हय म्हाराजा.”